आमच्याबद्दल लिहिता ते आम्हाला वाचून दाखवता का?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल वाचते. मुलं किती, मुली किती, दहावीला कोण कोण बसलं, धान्य कुठून आलं, छपराला काय खर्च आला. या वर्षीचा अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे, म्हणून तो वाचत नाही. आज मला दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. सेक्रेटरीसाहेबांनी वीस मिनिटं दिली आहेत. जास्त झाली तर त्यांनी खाकरावं, मी समजेन.

आपल्या वसतिगृहात दहावीपर्यंत राहिलेली एक मुलगी आता विद्यापीठात मानवशास्त्र शिकते. कातकरी वाडीवरची. तिच्या वाडीतून विद्यापीठापर्यंत पोचलेली ती पहिलीच. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती भेटायला आली आणि म्हणाली, "ताई, आपल्या अंकाची जुनी फाइल बघायला मिळेल का?" त्यांच्या मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला एक काम दिलं होतं. आपल्या लोकांबद्दल बाहेरच्या कोणी काही लिहून ठेवलेलं असेल ते शोधायचं, घरी नेऊन मोठ्या माणसांना वाचून दाखवायचं आणि ती काय म्हणतात ते लिहून आणायचं. कोणी इंग्रजांच्या काळातली गॅझेटियर शोधली. पारधी समाजातल्या एका मुलाने १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदाच वर्गात आणला म्हणे, आणि आजोबांना वाचून दाखवण्याची हिंमत होत नाही असं सांगून खाली बसला. हिला आपला अंक आठवला.

मला आनंद झाला. कपाटाची किल्ली दिली आणि मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसले. तासाभराने ती आली आणि एक अंक उघडून माझ्यासमोर धरला. म्हणाली, "ताई, हे माझे बाबा."

फोटोत झोपडी होती आणि दारात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक माणूस. बाजूला पितळी तांब्या. खाली चार ओळी होत्या, त्या मीच लिहिलेल्या. व्यसनात बुडालेला बाप, उघड्यावर पडलेलं लेकरू आणि त्या लेकराला मिळालेलं वसतिगृहाचं छत. तो अंक तुमच्यापैकी काहींना आठवतही असेल, कारण त्या तिमाहीत देणग्या चांगल्या आल्या होत्या. मुलींच्या न्हाणीघराच्या भिंती त्यातून झाल्या.

ती रागावली नव्हती. ते जास्त कठीण गेलं. ती म्हणाली, "त्या दिवशी आजीचे दिवस होते. दारू आधी आजीच्या नावाने ठेवली, मग घरच्यांनी घेतली. तुम्ही आलात तेव्हा मी तिथेच होते. बाबा बोलले नाहीत, कारण त्यांची आई गेली होती." मग जरा थांबून विचारलं, "ताई, आमच्याबद्दल लिहिता ते आम्हाला वाचून दाखवता का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अठरा वर्षं मी हे काम करते. ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना मला उपदेश कसा रचायचा ते शिकवलं, ग्रीक मुळाक्षरं शिकवली, मंडळीचा इतिहास शिकवला. हा प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता, आणि मलाही तो कधी सुचला नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "तुझी ती वही मला वाचायला दे."

तिने वही दिली आणि दोन इंग्रजी पुस्तकंही ठेवून गेली. पावसाळ्यापर्यंत मी शब्दकोश घेऊन रोज रात्री ती वाचत होते. त्यांच्या मॅडमनी अख्खं एक सत्र एकाच प्राध्यापकाबद्दल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल शिकवलं होतं. त्यातलं जे मला समजलं ते सांगते.

फ्रान्झ बोआस हे त्या प्राध्यापकांचं नाव. जन्म १८५८, जर्मनीतल्या ज्यू कुटुंबात. शिकले पदार्थविज्ञान. १८८३ साली कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावर नकाशे काढायला म्हणून गेले आणि वर्षभर इनुइट लोकांत राहिले, ज्यांना आपण शाळेत एस्किमो म्हणून शिकलो. बर्फातून त्यांच्याबरोबर हिंडले, ते खात ते खाल्लं, आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवणाऱ्या समाजाकडे यांच्यापेक्षा जास्तीचं असं नेमकं काय आहे, हा प्रश्न घेऊन परत आले. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी चाळीस वर्षं मानवशास्त्र शिकवलं. त्या काळात युरोप-अमेरिकेतले मोठमोठे विद्वान कवट्या आणि नाकं मोजून कोणता वंश वरचा आणि कोणता खालचा ते ठरवत होते. बोआस यांनीही डोकी मोजली, जवळजवळ १८,००० माणसांची. न्यूयॉर्कला येऊन राहिलेली कुटुंबं आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं. १९११ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की एका पिढीतच डोक्याचा आकार बदलतो. म्हणजे ज्या मापावर वंशांची उतरंड उभी केली होती, ते मापच पक्कं नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनीत त्यांची पुस्तकं जाळली.

पण मला त्यांच्या संशोधनापेक्षा त्यांच्या वर्गातच जास्त रस वाटला. शिकवायला ते सोपे नव्हते. बोलण्यात जर्मन हेल. एका शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेली. वर्गात प्रश्न टाकत आणि उत्तर यायच्या आत पुढे जात. कुठल्याही भाषेतल्या पुस्तकाचं नाव घेत आणि विद्यार्थ्याने ते वाचलेलंच आहे असं धरून चालत. मार्गारेट मीड ही त्यांची पुढे जगप्रसिद्ध झालेली विद्यार्थिनी. ती सांगते की वर्गात ती तोंड उघडत नसे, नुसती मान हलवी आणि प्रश्नाचं उत्तर आपल्या वहीत लिही. वर्षाच्या शेवटी बोआस यांनी तिला परीक्षेतून सूट दिली. कारण काय, तर वर्गातल्या चर्चेत हिची चांगली मदत झाली! गुरुजींचं मुलांकडे लक्ष नसतं असं आपण समजतो, ते दर वेळी खरं नसतं.

हीच मीड १९२५ मध्ये तेवीस वर्षांची असताना एकटी सामोआ बेटांवर निघाली. जाण्यापूर्वी, लोकांत राहून अभ्यास कसा करायचा याबद्दल बोआस यांनी तिला किती शिकवलं असेल? अर्धा तास. त्यातही मुख्य सांगणं हे की नुसतं बसून ऐकत राहण्यात वेळ वाया जातोय असं वाटलं, तरी ते करण्याची तयारी ठेव. हे वाचलं त्या रात्री मी माझी जुनी भेट-नोंदवही काढली. एका दिवसात सात झोपड्या. एका झोपडीत सरासरी दहा मिनिटं. फोटो काढून.

आता वहीतलं जे पान मी दोनदा मिटून ठेवलं ते सांगते. बोआस थोर माणूस खरे, पण मॅडमनी हे पान गाळलं नाही, म्हणून मीही गाळत नाही.

बोआस न्यूयॉर्कच्या संग्रहालयातही काम करत. रॉबर्ट पिअरी नावाचा दर्यावर्दी ग्रीनलंडला जाई. एखादा इनुइट माणूस हिवाळाभर इथे आणता आला तर अभ्यास होईल, असं बोआस यांनी सुचवलं होतं. १८९७ मध्ये पिअरीने एकाऐवजी सहा जण आणले. त्यांत किसुक नावाचा बाप आणि सहा-सात वर्षांचा त्याचा मुलगा मिनिक होता. बघायला हजारोंची गर्दी लोटली. त्यांना संग्रहालयातच ठेवलं. तिथल्या हवेत ते आजारी पडले. त्याच दिवसांत बोआस यांचा एक तरुण विद्यार्थी, आल्फ्रेड क्रोबर, त्यांच्याकडे बसून चालीरीती, समजुती आणि सोयरसुतक कसं पाळतात ते लिहून घेत होता. खोकणाऱ्या माणसांकडून. वर्ष संपायच्या आत चौघं वारले, एक परत गेला आणि मिनिक एकटा उरला.

बाप गेल्यावर त्या पोराच्या समाधानासाठी संग्रहालयाच्या माणसांनी दफनाचा देखावा केला. माणसाच्या लांबीचा एक लाकडी ओंडका घेतला, कातड्यात गुंडाळला, बागेत ठेवून वर दगड रचले. मुलाने आपल्या रीतीप्रमाणे बापाला निरोप दिला. बापाचा सांगाडा मात्र आत संग्रहालयात ठेवला होता, अभ्यासासाठी. मोठा झाल्यावर मिनिकला हे कळलं. त्याने सांगाडा मागितला. तो त्याला मिळाला नाही. बोआस यांना वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी त्या देखाव्याचं समर्थनच केलं. मिनिक १९१८ च्या साथीत वारला. त्या चौघांच्या अस्थी ग्रीनलंडला परत गेल्या त्या १९९३ मध्ये.

माणसामाणसांत उच्चनीच नाही हे जगाला पटवून देणाऱ्या माणसाच्या हातून हे घडलं. त्यांचं मन वाईट होतं असं मला म्हणता येत नाही. ज्ञानाचं काम चांगलंच आहे, तर त्यासाठी केलेलं हेही चालेल, असं त्यांना वाटलं असणार. न्हाणीघराच्या भिंतींबद्दल मलाही तसंच वाटलं होतं.

वहीत यानंतर मॅडमनी तीन विद्यार्थ्यांबद्दल सांगितलं होतं. तिघंही अशी की ज्यांच्याबद्दल आजवर दुसऱ्यांनी लिहिलं, त्यांच्यातलीच.

पहिलं नाव वाचून तुम्हाला नवल वाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले हे आपल्याला माहीत असतं. पण भारतातील जातींवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध त्यांनी कुठे वाचला? ९ मे १९१६ रोजी, कोलंबियातल्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. ते चर्चासत्र घेणारे गोल्डनवायझर हे बोआस यांचेच विद्यार्थी. तेव्हा बाबासाहेब पंचवीस वर्षांचे होते. जात ही वंशातून आलेली नाही, आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीने ती बनली आणि टिकली, असं त्यांनी तिथे मांडलं. ज्या समाजाला शाळेत वर्गाबाहेर बसवलं, त्यातला तरुण विद्वानांच्या टेबलाशी बसून जातीची उकल करत होता. आमच्या मुलीने या पानाच्या समासात पेन्सिलीने एक बारीकशी चांदणी काढून ठेवली आहे.

दुसरी झोरा नील हर्स्टन. काळ्या बाप्टिस्ट उपदेशकाची मुलगी, फ्लोरिडातल्या ईटनविल नावाच्या, सगळी वस्ती काळ्यांची असलेल्या गावात वाढलेली. कोलंबियाला जोडलेल्या बार्नार्ड या मुलींच्या कॉलेजात ती त्या काळी एकटीच काळी विद्यार्थिनी. डोकी मोजायचा चिमटा घेऊन बोआस यांच्यासाठी ती न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर उभी राहायची. १९२७ मध्ये त्यांनी तिला तिच्याच मुलखात लोककथा गोळा करायला पाठवलं. ती कॉलेजची शुद्ध इंग्रजी बोलत गेली आणि कथा माहीत आहेत का म्हणून विचारत सुटली. लोक म्हणाले, इथे नाही बुवा, पलीकडच्या गावात विचारा. पलीकडच्या गावात गेली तर तेही तेच म्हणाले. सहा महिन्यांनी रिकामी परत आली आणि बोआस यांच्यापुढे रडली. हे तिनेच लिहून ठेवलं आहे. पुढच्या वेळी ती गेली ती घरची पोर म्हणून. ओसरीवर बसली, गप्पांत सामील झाली, आणि त्याच कथा तिच्यापुढे येऊन पडल्या. १९३५ मध्ये तिचं पुस्तक निघालं, त्याला प्रस्तावना बोआस यांची.

आपणही वाडीवर गेल्यावर हाच अनुभव घेतो. आपण पुस्तकी मराठीत विचारतो, "आपल्या काही समस्या आहेत का?" ते म्हणतात, "काय नाय." मग आपण अहवालात लिहितो, लोकांमध्ये जागृतीचा अभाव आहे.

तिसरी एला डेलोरिया. हिच्याबद्दल वाचताना मला वाटलं, ही आपल्याच मंडळीत कुठेतरी मागच्या बाकावर बसलेली असावी. ती डकोटा जमातीची. वडील त्या जमातीत एपिस्कोपल चर्चचे पाळक. त्यांच्या मिशनच्या आवारात ती वाढली, घरात डकोटा भाषा, देवळात डकोटा गीतं. कोलंबियाच्या शिक्षक महाविद्यालयात शिकत असताना तिची बोआस यांच्याशी गाठ पडली. त्यांच्याकडे डकोटा भाषेत लिहिलेले जुने कागद होते आणि ते समजणारं माणूस हवं होतं. त्यांच्या विद्यार्थ्यांना ती भाषा समजावून द्यायला तिला थोड्याशा पगारावर घेतलं. म्हणजे वर्गात ती विद्यार्थिनी, माहिती देणारी आणि शिक्षिका, तिन्ही. १९२७ पासून बोआस यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४२ पर्यंत, ती त्यांच्यासाठी काम करत राहिली. डकोटा व्याकरणाचं पुस्तक १९४१ मध्ये निघालं त्यावर दोघांचीही नावं आहेत. पण तिला कधी कायमची नोकरी मिळाली नाही, वरची पदवी नाही, आणि आजारी बहिणीला सांभाळत तिने आयुष्यभर पैशांची ओढाताण सोसली. बोआस यांनी तिचं नाव पुस्तकावर घातलं याचं श्रेय त्यांना देऊ या. ती आयुष्यभर हातावर पोट घेऊन जगली, हेही विसरायला नको.

तिच्या दोन गोष्टी सांगते आणि मग मूळ मुद्द्यावर येते.

एकदा बोआस यांनी तिला एका गोऱ्या डॉक्टरने पूर्वी लिहून ठेवलेल्या कथा पडताळायला पाठवलं. तिने म्हाताऱ्यांना वाचून दाखवल्या. कित्येक कथा त्यांना ओळखूच येईनात. हे आमचं नव्हे, कोणा एकाने मनाने रचलं असेल, असं ते म्हणाले. बोआस यांना हे उत्तर नको होतं. तिने आहे तसंच कळवलं.

दुसरी गोष्ट १९३२ च्या पत्रातली. तिने बोआस यांना कळवलं की माहिती घ्यायला मी गोऱ्या माणसासारखी जाऊ शकत नाही. ही माझी नात्याची माणसं. कोणी आजी, कोणी काका. त्यांच्याकडे जाताना शिधा न्यायला लागतो, त्यांच्याबरोबर जेवायला लागतं, आणि नात्याप्रमाणे वागायला लागतं. रिकाम्या हाताने जाऊन प्रश्न विचारले तर मी त्यांची कोणी उरणार नाही. हे सगळं संशोधनाच्या खर्चात कसं बसवायचं, असा तिचा प्रश्न होता. कुठल्या सदरात टाकणार? आपल्या खजिनदारांना मी विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "किरकोळ."

१९४४ मध्ये तिने आपल्या लोकांबद्दल एक पुस्तक लिहिलं. ते काढलं मिशनच्या प्रकाशन संस्थेने, चर्चच्या सभासदांसाठी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या वाचकांसाठी, जे आदिवासींसाठी दान देतात. तुम्ही ज्यांना मदत करता त्यांचं जगणं आधीपासून नात्यांच्या नियमांवर उभं आहे, हे तिने त्यात समजावून सांगितलं. प्रत्येक माणूस प्रत्येकाचा कोणी तरी लागतो, आणि चांगला नातेवाईक होणं हेच त्यांच्यात चांगुलपणाचं माप.

आता आपल्याकडे येते. सेक्रेटरीसाहेब अजून खाकरलेले नाहीत.

वही वाचून झाल्यावर मी जुन्या अंकांतल्या माझ्या सगळ्या "यशोगाथा" काढल्या आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांच्याकडे जायचं ठरवलं. निम्म्याहून जास्त घरं सापडलीच नाहीत. भात झोडून झालं की कातकरी कुटुंबं बयाणा घेतलेल्या मालकाच्या वीटभट्टीवर जातात, काही कोळसाभट्टीवर, आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. हे मला ठाऊक होतं. तरी "पालकांच्या उदासीनतेमुळे मुलांची शाळा सुटते" हे वाक्य मी किती अंकांत लिहिलं ते मोजलं नाही, कारण मोजवलं नाही. बयाणा आगाऊ घेतलेला असतो, फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, आणि पोरं मागे ठेवायची तर कोणाकडे? हे लिहायला चार ओळी जास्त लागतात. फोटोखाली तेवढी जागा नसते.

जी घरं सापडली तिथे चहापत्ती, साखर आणि थोडी सुकट घेऊन गेले. आधी बसले. मग विचारलं, तुमच्याबद्दल मी हे लिहिलं होतं, वाचून दाखवू का? एका घरात सगळे हसून हसून लोळले, कारण मी आजोबांचं नाव शेजाऱ्याच्या फोटोखाली छापलं होतं. एका बाईने अंक हातात घेऊन फोटो पदराने पुसला आणि मागून घेतला. मुलाचा तेवढाच एक फोटो होता, मुलगा आता नाही. एका ठाकर कुटुंबाला मी कातकरी लिहिलं होतं. त्यांना राग आला तो गरीब म्हटल्याचा नाही, जात चुकवल्याचा. आणि एका घरात बाईने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "हे फाड." मी फाडलं. बाकीच्या प्रती तुमच्या घरी आहेत, त्या मला फाडता येत नाहीत.

अंकात आता काय छापायचं, यावर समितीत बरीच बोलाचाली झाली. एक गट म्हणतो, डोळ्यांत पाणी आणणारा फोटो नसला तर पाकीट उघडत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. या वर्षीच्या दोन अंकांत मी चेहऱ्याचा फोटो छापला नाही. त्या दोन तिमाहींत आलेल्या देणग्यांचा आकडा अहवालाच्या तिसऱ्या पानावर आहे. कमी आहे. मुलींच्या नव्या खोलीचा पाया घालून काम थांबलं आहे. मुली सध्या एका खाटेवर दोघी झोपतात. हे मी लपवत नाही, आणि यातून कसं निघायचं ते माझ्याजवळ तयार नाही. एवढं ठरलं आहे की यापुढे कोणाबद्दलही अंकात काही जाण्यापूर्वी ते त्यांच्या घरी बसून वाचून दाखवलं जाईल, आणि त्यांनी नको म्हटलं तर जाणार नाही. अंक उशिरा निघेल. कृपया त्याबद्दल फोन करू नका.

शेवटी हे भाषण. हेही कोणाबद्दल तरी आहेच. म्हणून परवा संध्याकाळी मी त्या मुलीच्या वाडीवर गेले. मुलगी सुटीला आली होती. तिचे आईबाबा ओट्यावर बसले, मी कंदिलाजवळ बसून सगळं वाचून दाखवलं. आईने मध्येच उठून भात उतरवला. वडील खाली बघत होते. ओंडक्याचं आलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"लाकूड पुरला?"

"हो."

"आन् पोराला सांगलं का तुझा बाप हाय?"

"हो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "नेला का मग घरी?"

"नेला. पंचाण्णव वर्षांनी."

त्यांनी तंबाखू मळली. मी म्हटलं, तुमच्याबद्दलचं काही काढायचं असेल तर सांगा, दारूचं काढू का? मुलगी त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, "दारू राहू दे. पेलो होतो. पर आयचे दिवस होते, ता लिव."